बोटीवरची खुर्ची

फिजिओथेरपी करणारी बाई म्हणजे मालीशवाली बाई, हा लोकांचा समज इतक्या वर्षांत मला काही घालवता आला नाही. आमच्या निर्मळ गावाहून स्कूटर काढून मी एखाद्या घरी पोचले, की दारातूनच आत वर्दी जायची, ‘मालीशवाली आली गं, तेल गरम कर.’ मी आत जाऊन ती तेलाची वाटी बाजूला ठेवायला सांगायची आणि रोग्याला म्हणायची, ‘उठून बसा बघू.’ लगेच घरचे सगळे त्याला उठवायला धावायचे. माझं काम तिथून सुरू व्हायचं, आणि ते काम म्हणजे या धावणाऱ्यांना थांबवणं.

आता माझेच गुडघे बोलू लागलेत, म्हणून घरोघरी जाणं बंद केलं आहे. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर संपादकांची अपेक्षा होती की मी बरे झालेल्या लोकांबद्दल लिहीन. तसे पुष्कळ आहेत. वालीवच्या कारखान्यात बोटं चेचून घेतलेली मुलं आहेत, जी आता दुचाकीचा क्लच दाबतात. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले की दोन ओळींत संपतं. माणूस पडला, माणूस उठला. खरी गोष्ट त्याच्या आजूबाजूच्या माणसांची असते.

आधी माझं काम थोडक्यात सांगते. अर्धांगवायू झाला, आमच्याकडे म्हणतात तसं अंगावरून वारं गेलं, की लोक त्या हाताकडे आणि पायाकडे बघत बसतात. हात बिचारा जागच्या जागी असतो. बिघाड मेंदूत असतो. मेंदूचा एक भाग गेला, तर त्याचं काम दुसऱ्या भागाला शिकवावं लागतं, आणि तो भाग शिकतो फक्त एकाच रीतीने, चुकत, धडपडत, घामाघूम होत. रोग्याने पेला धरायच्या आत घरच्यांनी तो त्याच्या ओठांना लावला, की त्या दिवसाची शिकवणी बुडाली. म्हणून मी घरच्यांना हात पाठीमागे बांधून उभं राहायला लावायची. मीही तशीच उभी राहायची. समोर आपला माणूस सदऱ्याच्या बटणाशी झटापट करतो आहे आणि आपण हात बांधून बघतो आहोत, हे फार अवघड असतं. मुली रडायच्या, मुलगे चिडून बाहेर निघून जायचे. एका आजीने मला तोंडावर कसाई म्हटलं होतं, आणि मग त्याच दमात जेवून जा म्हटलं.

जेवून जा, हा या धंद्यातला दुसरा धोका. महिनोन् महिने एखाद्याच्या घरी जायचं, त्याला धरून चालवायचं, तर बाहेरचं माणूस बाहेरचं राहत नाही. आमच्या निर्मळलाच केळीची वाडी असलेले एक गृहस्थ होते, त्यांच्या गुडघ्यासाठी मी जात असे. पहिल्या आठवड्यात केळ्यांची एक फणी मिळाली, दुसऱ्यात भाजी, तिसऱ्यात त्यांनी मला धाकट्या भावाशी बोलून वाडीच्या वाटणीचं जमवून द्यायला सांगितलं. मी म्हटलं, ‘मी गुडघ्यासाठी येते हो, घरासाठी नाही.’ त्यांना लागलं. दोन आठवडे केळी बंद झाली. मग पुन्हा सुरू झाली, पण त्यानंतर आमच्यात फक्त गुडघ्याबद्दल बोलणं होई, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही बरं वाटत होतं.

आणखी एक गोष्ट लवकर लक्षात आली. माणसांना एकमेकांना जे सांगवत नाही ते त्यांना डॉक्टरच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. एका कमरेच्या रोग्याची गळ होती, की मी त्याच्या बायकोला सांगावं, चांदीपला मेव्हण्याच्या लग्नाला जाणं त्याच्या कमरेला झेपणार नाही. मी म्हटलं, ‘कमरेला झेपेल. तुम्हाला जायचं नसेल तर तसं सांगा.’ ते सांगण्यापेक्षा त्याला जाणं सोपं वाटलं. गेला, वरातीत नाचला, आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून माझ्याकडे आला. ती तक्रार मात्र खरी होती.

अशा गोष्टींवर आम्ही धंद्यातली माणसं हसतो. पण हिराजी आणि इनास यांच्या वेळी मला हसू आलं नाही.

हिराजी अर्नाळ्याचा. समोर मी त्याला दादा आणि अहोजाहो करत असे, लिहिताना एकेरी येतंय ते आपलेपणाचं समजा. तो तांडेल होता. बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला की कधी परतायचं, हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो तांडेल. बोट मात्र दोघांची भागीत, हिराजीची आणि इनासची. हिराजी हिंदू कोळी, इनास ख्रिस्ती. घरं एकाच गल्लीत समोरासमोर, आणि दोस्ती चड्डीत असल्यापासूनची. दर वर्षी नारळी पौर्णिमेला हिराजी समुद्राला नारळ द्यायचा आणि त्याच्या आधी इनास फादरांना आणून बोटीवर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचा. दोघांकडून कळवलेलं बरं, असं हिराजी म्हणायचा.

शिमगा झाल्यावर एका सकाळी ओसरीवर जाळं सांधत बसलेला असताना हिराजीचा डावा हात गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. इनासनेच त्याला खांद्यावर टाकून रिक्षापर्यंत पळवत नेलं. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून वाचला. पुढे जे झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे असं मला वाटतं. आपण उचलला म्हणून हा जगला, हे इनासच्या मनात पक्कं बसलं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हिराजी खाटेवर बसला होता आणि इनास त्याच्या पाठीशी उशीसारखा लागून होता. हिराजीची बायको सुगंधाबाई दाराशी उभी होती. मी विचारलं, ‘दादा, रात्री झोप लागते का?’

‘लागते,’ इनास म्हणाला.

‘डाव्या हाताला मुंग्या येतात?’

‘लय येतात,’ पुन्हा इनास.

‘त्या तुम्हाला येतात का, भाऊ?’ मी विचारलं. सुगंधाबाई पदर तोंडाला लावून हसली. इनासही हसला. हिराजी माझ्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात मला वाटलं की हा माणूस मनाने अगदी जागेवर आहे.

हिराजीसारखा रोगी मिळणं हे माझ्या धंद्यात भाग्य. सांगितलेलं तो मन लावून करायचा. समुद्रावरच्या माणसांचा तोल मुळात पक्का असतो, पायाखालची जमीन हलते हे त्यांना नवीन नसतं. काही आठवड्यांत तो माझ्यासमोर काठी घेऊन ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागला. पण दोन दिवसांनी मी पुन्हा गेले की गाडी मागे आलेली असायची. कारण मधल्या वेळात इनास असायचा. खाटेवरून खुर्चीवर तो उचलून न्यायचा. मोरीपर्यंत उचलून. माशाचे काटे काढून घास करून द्यायचा. हिराजीची लुंगी तोच बांधायचा, आणि फार छान बांधायचा.

मी इनासला गल्लीत गाठून समजावलं. मेंदूचं सगळं सांगितलं, हात मागे बांधायचं सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, ‘आनि पडला तं?’

‘पडू दे. पडल्यावर उठायचं कसं तेच मी त्यांना शिकवतेय.’

‘बाय, तुमी शिकलेल्या. पन मी हाय तवर तो पडनार नाय,’ इनास म्हणाला. हे त्याने इतक्या मायेने म्हटलं की मी स्कूटर सुरू केली.

हिराजीला मी विचारलं, तुम्हीच त्याला नको का नाही म्हणत. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. ‘त्याचं मन मोडंल,’ तो म्हणाला. ‘बाय, त्याचा सोताचा भाऊ येवढं करनार नाय. त्याला कोनच्या तोंडानं नको बोलू?’

एवढ्यावर थांबतं तरी फारसं बिघडलं नसतं. चालायला थोडा उशीर झाला असता, इतकंच. पण पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या असतात, आणि माणसांच्या हाताला काम नसतं. इनासच्या हाताला त्या वर्षी काम मिळालं. रोज दुपारी तो ताडपत्रीखाली शिरायचा आणि आतून ठोकल्याचे आवाज यायचे. कुणी विचारलं तर सांगायचा नाही.

नारळी पौर्णिमा जवळ आली तेव्हा एके दिवशी त्याने हिराजीला पाठीवर घेतलं आणि वाळूतून बोटीपर्यंत नेलं. शिडीवरून वर चढवलं. बोटीवर सुकाणूच्या शेजारी त्याने एक खुर्ची बसवली होती. जाड सागाची, पाठ टेकायला फळी, दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा, खाली बोल्टांनी आवळलेली. कमरेला बांधायला पट्टा होता, मोटारीत असतो तसा. इनासने हिराजीला तिच्यात बसवलं, पट्टा लावला आणि म्हणाला, ‘तू नुस्ता बस आनि सांग. सुकानू मी धरतो.’ बोटीवरचे खलाशी टाळ्या वाजवत होते. फोटो निघाले. ते फोटो मीही पाहिले आहेत. हिराजी त्यात हसतो आहे.

त्यानंतर हिराजी बोलेनासा झाला. व्यायाम बंद, काठी कोपऱ्यात. सुगंधाबाईने मला फोन करून सांगितलं, ‘बाय, ते भिंतीकडं तोंड करून पडून हाय. पुन्यांदा वारं गेलं का काय?’ मी धावत गेले. वारं गेलेलं नव्हतं. मी स्टूल ओढून त्याच्या पाठीमागे बसले. सुगंधाबाई चहा करायला आत गेली, तेव्हा तो भिंतीकडे बघतच बोलायला लागला.

‘मी पुन्ना बोट नेनार नाय, हे मना पयल्या दिवशीच समजलं. तवाच मनाची तयारी केली. त्याचं दुख नाय. पन हा मना त्या खुर्चीत बांधून नेनार. बाय, पानी फिरलं तं काय व्हतं तुमाला ठावूक हाय? येका घडीत जाळं तोडायचं का नाय ते ठरवाया लागतं. मी पट्ट्यात बांधलेला. चार पोरं हायत बोटीवर. ती जाळं तोडतील का मना सोडवत बसतील?’

‘मग तुम्ही जाणार नाही म्हणा.’

‘कसं बोलू? सगला पावसाला खपला तो तिच्यावर.’

‘म्हणजे तुम्ही जाणार?’

मला तेव्हा खरोखर भीती वाटली. हा माणूस मित्राला वाईट वाटू नये म्हणून अर्ध्या अंगाने, पट्ट्यात बांधून घेऊन समुद्रात जाणार होता. ज्या चार पोरांची जबाबदारी तो आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून सांभाळत आला, त्यांनाही घेऊन जाणार होता. आणि हे करताना आपण मित्रावर प्रेम करतो आहोत असं त्याला वाटत होतं.

मग तो कुशीवर वळला आणि त्याने ते मागितलं, जे मी कधीतरी ऐकणार हे मला ठाऊक होतं. ‘तुमी बोला त्याला. डाक्टरीनबाय नको बोल्ली, की झालं. त्याला पन वाईट वाटनार नाय आनि मना पन.’

खरं तर हे अगदी सोपं होतं, आणि खोटंही नव्हतं. बोटीवर जायला तो लायक नाही असं मी एका ओळीत लिहून देऊ शकत होते. इनासने मला शिव्या घातल्या असत्या आणि दोघांची दोस्ती शाबूत राहिली असती. पण मला दिसत होतं की पुढे काय होईल. खुर्ची निघेल, आणि इनास आणखी काहीतरी बनवेल. माडीवर चढायला झोपाळा, नाहीतर गल्लीतून फिरवायला गाडी. हिराजी प्रत्येक वेळी फोटोत हसेल आणि नंतर भिंतीकडे तोंड करून पडेल.

मी म्हटलं, ‘दादा, तुम्ही समुद्रात जाऊ शकत नाही हे मी सांगेन, ते माझं काम आहे. बोट सुटायच्या आधी तुम्ही बोलला नाहीत, तर मी नक्की सांगेन, कारण त्या पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण तुम्हाला जायचं नाही, आणि त्याने तुम्हाला उचललेलं तुम्हाला आवडत नाही, हे मी नाही सांगणार. ते माझं नाहीच. ते तुमचं आहे.’

‘तुमी बसाल तं खरं हितं?’

‘बसेन.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा हिराजी काठी धरून ओसरीच्या पलीकडच्या टोकाला उभा होता. अंगावर धुतलेला सदरा होता, बटणं वरखाली लागलेली, म्हणजे स्वतःच लावलेली. इनास समोरच्या घरातून नेहमीसारखा आला, पायरीवर चपला काढल्या आणि त्याच्याकडे निघाला. ‘थांब तितंच,’ हिराजी म्हणाला. ‘मी येतो तुज्याकडं.’

तो निघाला. ओसरी काही मोठी नाही, पण डावा पाय ओढत चालणाऱ्याला ती पुष्कळ असते. मधेच काठी फरशीवरून सरकली आणि हिराजी गुडघ्यावर आपटून आडवा झाला. इनास झेपावला. हिराजीने उजवा हात वर केला, रहदारीचा पोलीस करतो तसा, आणि म्हणाला, ‘हात लावू नको मना.’ मी हात मागे बांधून उभी होते, आणि माझी नखं माझ्याच तळव्यात रुतली होती. तो कुशीवर आला, कोपरावर आला, चांगला गुडघा खाली घेतला, भिंतीला धरून उठला. हे आम्ही कितीदा तरी घोटलं होतं. मग इनाससमोर जाऊन तो दम खात उभा राहिला.

‘मी बोटीवर येनार नाय,’ तो म्हणाला. ‘या वर्साला नाय, कदीच नाय. ती खुर्ची काडून टाक.’

इनास माझ्याकडे बघू लागला. ‘या बायनं सांगितलं का?’

‘बायनं कायपन सांगितलं नाय. मी सांगतो. तू मना उचलतोस ना, तवा मना वाटतं मी मेलोय आनि तू मना पोचवाया नेतोस.’

इनासचा चेहरा पडला. मग चिडून म्हणाला, ‘आदी का नाय बोल्लास? मी रोज येत व्हतो. रोज.’

‘तू कदी इचारलं? तू येतोस आनि उचलतोस.’

‘मग मी काय करू रं?’ इनासचा आवाज फुटला. ‘तू सुकानूजवल बसलेला असलास, की मना पानी समजतं. तू नसलास तं मना नुस्तं पानीच दिसतं. मना भ्या वाटतं, हिरा. या वयात मी कोनाला सांगू का मना समुद्राचं भ्या वाटतं?’

हे हिराजीलाही ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच. मी समजत होते की इनास मायेपोटी मित्राला परावलंबी करतो आहे, आणि मनातून त्याच्यावर थोडी रागावलेही होते. त्याच्या मायेखाली एवढी भीती आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. रोग्याचे हातपाय बघता बघता मी त्याच्या माणसाकडे नीट बघितलं नव्हतं, ही रुखरुख मला अजून आहे.

इनास निघून गेला. चपला पायरीवर राहिल्या. समोरच तर घर होतं.

तो मग आलाच नाही. समोरासमोरच्या घरांत रोज दारं उघडी, आणि मधल्या गल्लीत कुणाचं पाऊल नाही. चपला पायरीवर तशाच होत्या, शेवटी सुगंधाबाई त्या नेऊन देऊन आली. तिने मला सोडलं नाही. ‘बाय, तुमी चांगल्या मनानं केलं असेल,’ ती म्हणाली, ‘पन आमचा मानूस गेला. पाय चालाया लागले तं चालून जानार कोनाकडं?’ घरी येताना मी स्कूटर हळू चालवत होते आणि विचार करत होते, की खरं बोलावं हे सांगणं सोपं, त्यानंतर त्या घरात राहावं लागतं ते दुसऱ्यांना.

पण हिराजी चालायला लागला, हे मात्र खरं. उचलणारं कुणी नव्हतं.

नारळी पौर्णिमेला सुगंधाबाईचा निरोप आला, ते समुद्रावर पायानं जानार, तुमी या. मी गेले. इनासने पाचूबंदरचा एक तांडेल आणला होता, बायकोच्या माहेरचा. बोट पाण्यात उतरलेली, पताका लावलेली, फादर येऊन गेलेले. हिराजी गल्लीतून निघाला आणि ओल्या, कठीण वाळूवरून काठी टेकत चालू लागला. सगळा गाव वाटेत होता, पण मी आणि सुगंधाबाई हात बांधून मागे चालत असल्यामुळे कुणी धरायला पुढे आलं नाही. एका ठिकाणी तो बसला, म्हणजे पडलाच, आणि पुन्हा उठला.

इनास बोटीवर उभा राहून हे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने दोन्ही हातांनी बोटीचा काठ धरून ठेवला होता आणि तो खाली उतरला नाही. त्याला ते किती जड गेलं असेल हे त्या किनाऱ्यावर माझ्याइतकं कुणाला कळलं नसेल. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. नारळ नव्या तांडेलाने दिला. सुकाणूशेजारी खुर्ची नव्हती, तिच्या जागी बर्फाची पेटी होती. बोट सुटली तेव्हा इनासने वळून पाहिलं नाही, आणि हिराजीने ती दिसेनाशी होईपर्यंत नजर हलवली नाही. मग म्हणाला, ‘बोट दक्षनेकडं जास्त धरलीय. समजलं तं बरं त्याला.’ पण फोन त्याने केला नाही.

माझ्या फेऱ्या आता कमी झाल्या होत्या. बोटीच्या दोन-तीन खेपा झाल्यावर एका संध्याकाळी मी हिराजीच्या डाव्या हाताकडून डाळीचे दाणे वेचून घेत होते. कोळीवाड्यात कुणाच्या घरात जायचं तर कुणी विचारत नाही. लोक बोलत बोलतच आत येतात, मागच्या दाराने येऊन चुलीवरचं झाकण उघडून बघतात. इनास तर त्या घरात वाढलेलाच. तो पायरीपर्यंत आला, थांबला, आणि बाहेरूनच म्हणाला, ‘हिरा, येऊ काय?’

दाणे वेचणारा हात थांबला. सुगंधाबाई आतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून उभी राहिली. हिराजीने दाराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर किती तरी काय काय होतं, आणि मला वाटलं आता हा उठून त्याला मिठी मारणार.

‘आज नको रं,’ हिराजी म्हणाला. ‘दमलोय. उद्या ये.’

मी इनासच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला. सुगंधाबाईने कपाळावर हात मारला. हिराजी पुन्हा दाणे वेचू लागला, पण ते ताटलीबाहेरच पडू लागले, तेव्हा मी ती ताटली बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी माझी फेरी नव्हती. तरी मी गेले, कारण मला घरी राहवेना. ओसरीवर दोघं बसले होते, चहाच्या कपांसह, मधे भरपूर जागा ठेवून. हिराजी इनासला सांगत होता, की काल तो दमला बिमला नव्हता, त्याला नुसतं एकट्याला बसावंसं वाटत होतं.

‘मना वाटलंच,’ इनास म्हणाला, आणि त्याने बशीत चहा ओतला.